आजीआजोबा, नातवंडं आणि पेंग्विन: फॉकलंड-पॅटागोनिया क्रूझवर वसाहत पाहायची ती कशी

ब्यूनोस आयरेसहून सुटून दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालत चिलीत पोचणारी, किंवा त्याच्या उलट दिशेने येणारी क्रूझ साधारण दोन आठवड्यांची असते. तिच्या वाटेवर पेंग्विन पाहता येतील अशी चार बंदरं आहेत: अर्जेंटिनातलं पुएर्तो माद्रिन, फॉकलंड बेटांवरचं स्टॅन्ली, पुन्हा अर्जेंटिनातलं उशुआया आणि चिलीतलं पुंता आरेनास. प्रत्येक जहाज चारही ठिकाणी थांबतं असं नाही, पण दोन-तीन तरी असतातच. आणि प्रत्येक बंदराच्या सहलींच्या यादीत पहिला फोटो पेंग्विनचा. मग हौसेने सगळीकडे तीच सहल घेतली जाते. तिसऱ्या बंदरापर्यंत मुलं कंटाळतात, आजोबांची पाठ धरते आणि खिसा हलका होतो तो वेगळाच.

माझं म्हणणं सरळ आहे: एक वसाहत (म्हणजे पेंग्विन मोठ्या संख्येने एकत्र राहतात ती जागा) मुख्य धरा, एक राखीव ठेवा. मुख्य कुठली, हे फोटोवरून ठरवू नका. घरातला सर्वांत दुखरा गुडघा कुणाचा आणि सर्वांत कमी धीर कुणाला, यावरून ठरवा. राखीव कशाला? तर तिकडे वारा आहे, आणि तो कुणाचंही बुकिंग मानत नाही.

आधी महिना ठरवा

आपल्याकडची सहल मे महिन्याच्या सुट्टीशी बांधलेली असते. इथे ते गणित चालत नाही. या पट्ट्यात सर्वांत जास्त दिसणारा मॅगेलॅनिक पेंग्विन सप्टेंबरात किनाऱ्यावर येतो, ऑक्टोबरात अंडी घालतो, नोव्हेंबरात पिल्लं बाहेर येतात, फेब्रुवारीच्या सुमारास ती पाण्यात उतरू लागतात आणि एप्रिलपर्यंत वसाहत रिकामी होते. मे महिन्यात गेलात तर बिळं दिसतील, राहणारे नाहीत. शिवाय तेव्हा दक्षिणेकडचा हिवाळा जवळ आलेला असतो आणि क्रूझचा मोसमही संपलेला असतो.

दिवाळीची सुट्टी जरा लवकर पडते. नाताळची सुट्टी आणि तिला जोडून जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा, हा काळ सर्वांत चांगला. पिल्लं चांगली वाढलेली पण अजून अंगावर लव असलेली, आईबाप खाऊ घालण्यासाठी समुद्र ते घरटं अशा फेऱ्या मारताहेत, म्हणजे दिवसभर हालचाल. शाळेत अर्ज द्यावा लागेल. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर सहल एक वर्ष पुढे ढकला, कारण जहाजावर बसून कुणी अभ्यास करत नाही.

फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवावी. पिल्लांचं काम उरकलं की मोठे पक्षी सगळी पिसं एकदम बदलतात. त्या काळात पाण्यात जाता येत नाही म्हणून ते काही आठवडे उपाशी, फाटक्या गोधडीसारखे किनाऱ्यावर उभे असतात. मुलांना वाटतं पक्षी आजारी आहे, आणि डोळ्यांत पाणी येतं. पक्षी ठणठणीत असतो.

मे महिन्याशिवाय जमणारच नसेल तर क्रूझचा हट्ट सोडून जमिनीवरची सहल करा. केपटाउनजवळ सायमन्स टाउनच्या बोल्डर्स बीचवर आफ्रिकन पेंग्विन वर्षभर असतात. ऑस्ट्रेलियात नातलग असतील तर मेलबर्नपासून दीड-दोन तासांवर फिलिप आयलंड आहे. तिथे छोटे पेंग्विन सूर्यास्तानंतर समुद्रातून वर येतात, मात्र फोटो काढायला बंदी आहे.

चार बंदरांतून निवड

पुएर्तो माद्रिनला जहाज थेट धक्क्याला लागतं, बोटीत चढउतार नाही. पण तिथली प्रसिद्ध वसाहत, पुंता तोंबो, सुमारे १८० किलोमीटर दूर आहे. जायला-यायला चार-पाच तास बसमध्येच जातात. बाहेर सपाट, करडा, झुडपी प्रदेश. मुलं झोपतात, आणि त्यात तोटा काही नाही. पोचल्यावर मात्र मॅगेलॅनिक पेंग्विनांची जगातली एक अतिशय मोठी वसाहत समोर असते. आखलेल्या पायवाटा आणि लाकडी पूल आहेत, आणि पक्षी त्यांच्या खालून-वरून, तुमच्या पुढ्यातून जातात. एक गोष्ट अनेकांना धक्का देते: इथे डिसेंबर-जानेवारीत चक्क गरम होतं. पेंग्विन म्हणून सगळ्यांना जाड जॅकेटात कोंबून नेलं तर घामाने हैराण व्हाल. टोपी, पाणी आणि सनस्क्रीन न्या.

उशुआयाहून बीगल कालव्यातल्या मार्तियो बेटावर जाता येतं. बहुतेक बोटी किनाऱ्याशी येऊन थांबतात आणि तुम्ही डेकवरूनच पाहता. उतरून चालणाऱ्यांच्या तुकड्या लहान असतात आणि त्या जागा फार लवकर भरतात. चालणं ज्यांना अजिबात झेपत नाही त्यांच्यासाठी बोटीवरून पाहण्याची सोय उत्तम. मॅगेलॅनिक आणि जेंटू या दोन्ही जातींचे पेंग्विन एकाच किनाऱ्यावर दिसतात.

पुंता आरेनासहून मॅगेलनच्या सामुद्रधुनीतलं माग्दालेना बेट. बोटीने जायचं, बेटावर साधारण तासभर, दोरी बांधलेल्या वाटेने दीपगृहापर्यंत हलका चढ. अंतर किलोमीटरच्या आत आहे, पण आडोसा कुठेच नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना बिळं आहेत. थोडं चालणारे आजीआजोबा असतील तर मला ही सहल फार आवडते, कारण पक्षी अगदी जवळ आणि बसमधली हाडं खिळखिळी करणारी यातायात नाही. अडचण एकच, वारा वाढला की बोट सुटतच नाही.

स्टॅन्ली: इथे जास्त विचार करा

फॉकलंडवर पाच जातींचे पेंग्विन वीण करतात: किंग, जेंटू, मॅगेलॅनिक, रॉकहॉपर आणि थोडेसे मॅकरोनी. म्हणून निवड अवघड होते. क्रूझच्या प्रवाशांपुढे तिथे मुख्यतः तीन पर्याय येतात, आणि त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पहिला, व्हॉलंटियर पॉइंट. नव्वद सेंटिमीटर उंचीचा, मानेशी नारिंगी झाक असलेला किंग पेंग्विन इथे शेकड्यांनी दिसतो. किंगचं एक पिल्लू वाढायला वर्षाहून अधिक काळ लागतो, त्यामुळे तपकिरी केसाळ कोटातली मोठी पिल्लं जवळजवळ कधीही दिसतात. तो घरटं बांधत नाही, अंडं पायांवर घेऊन पोटाच्या घडीखाली उबवतो. उभ्या पक्ष्याच्या पोटाखाली फुगवटा दिसला तर तिथे अंडं किंवा नवं पिल्लू आहे असं समजा. हे सगळं खरं. पण जाण्याचा रस्ता अडीच तासांचा, येण्याचा तितकाच. त्यातला शेवटचा मोठा टप्पा रस्ताच नाही. ओल्या, दलदलीच्या माळावरून फोर-बाय-फोर गाड्यांचा ताफा डचमळत जातो, एखादी रुतली तर बाकीच्या ओढून काढतात. वाटेत सोयी जवळजवळ नाहीत. पाठीचं दुखणं, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गाडी लागणारं मूल, यांपैकी काहीही असेल तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. दहा-बारा वर्षांपुढची मुलं आणि धडधाकट आईबाबा असतील तर हीच सहल घ्या, दुसरी नको.

दुसरा, ब्लफ कोव्ह. स्टॅन्लीपासून जवळ, शेवटी थोडा उंचसखल माळ. जेंटूंची वसाहत आणि त्यांच्यात मिसळलेले थोडे किंग. जेंटू ओळखायला सोपा: डोळ्यावर पांढरा पट्टा, चोच नारिंगी. किनाऱ्यालगत एक छोटं कॅफे आहे, तिथे चहा आणि केक मिळतो. लहान मुलं आणि वृद्ध एकत्र असतील तर फॉकलंडमधली ही सर्वांत शहाणी निवड. थंडी वाजली की आत बसता येतं, ही सोय लहान वाटते पण अर्धी सहल तिच्यावर तरते. केक अंड्याचे असतात, न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

तिसरा, जिप्सी कोव्ह. गावापासून सुमारे सहा किलोमीटर. जहाज आलं की धक्क्यावरून शटल मिळते. वरच्या पायवाटेवरून मॅगेलॅनिकची बिळं आणि खाली यॉर्क बेचा पांढरा वाळूकिनारा दिसतो. या बेटांवरून झालेल्या १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धात अर्जेंटिनाच्या सैन्याने त्या वाळूत सुरुंग पेरले होते. पेंग्विनचं वजन इतकं कमी की त्याच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही, त्यामुळे माणसांना बंद असलेल्या किनाऱ्यावर पक्षी मजेत फिरत राहिले. बेटांवरचे शेवटचे सुरुंग निघाले ते नोव्हेंबर २०२० मध्ये. खर्च कमी, वेळ कमी, दमछाक नाही. पण इथे पक्षी थोडे आणि लांबून दिसतात. मुलांना शंभर पेंग्विनांची आशा दाखवून इथे आणू नका.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी हे काम पहिल्या दिवशी सुरू करावं. अर्जेंटिना, चिली आणि जहाज मॉन्टेव्हिडिओला थांबत असेल तर उरुग्वे, या तिन्ही देशांचे व्हिसाचे नियम वेगळे. अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यास काही ठिकाणी सवलत मिळते, पण हे नियम बदलत राहतात, म्हणून वर्षापूर्वी गेलेल्या शेजाऱ्यांच्या माहितीवर जाऊ नका. ब्यूनोस आयरेसहून निघून मध्ये ब्रिटनच्या ताब्यातलं फॉकलंड करून उशुआयाला आलात म्हणजे अर्जेंटिनात दुसऱ्यांदा प्रवेश झाला. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे अडवतो. आणि ‘आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही’ हे कारण चालत नाही, कागद नसेल तर पहिल्या बंदरातच जहाजावर घेत नाहीत. क्रूझ कंपनीला बंदरांची यादी लिहून द्या आणि प्रत्येकापुढे उत्तर लेखी मागा. फोनवरचं ‘होऊन जाईल सर’ घरी ठेवा.

विम्यात क्रूझ आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च दोन्ही आहेत ना ते पाहा. साठीपुढच्यांचे जुने आजार लपवू नका. मुंबईहून थेट विमान नाही, म्हणून जहाज सुटण्याच्या निदान दोन दिवस आधी पोचा.

सहल जहाजाची की बाहेरची?

जहाजाची सहल महाग पडते, पण ती उशिरा परतली तर जहाज थांबतं. बाहेर स्वतः ठरवलेली सहल उशिरा आली तर थांबत नाही. या एका वाक्यावर निर्णय घ्या. व्हॉलंटियर पॉइंट, पुंता तोंबो आणि माग्दालेना, जिथे लांबचा रस्ता किंवा समुद्र मध्ये आहे, तिथे जहाजाची सहल घेतलेली बरी. जिप्सी कोव्हला मात्र जहाजाच्या सहलीचे पैसे देण्यात अर्थ नाही. शटल पकडा, पाहा, परत या. स्थानिक माणसाकडून बुक करायचंच असेल तर जहाज आलंच नाही तर पैसे परत मिळतात का, हे आधी लिहून घ्या.

वेळ पाळायची ती जहाजाच्या घड्याळाची. मोबाइल कधी कुठल्या टॉवरचं घड्याळ पकडेल सांगता येत नाही. घरातल्या एकाने तरी साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावं.

कपडे, पिशवी आणि खाऊ

पुंता तोंबो वगळता बाकी सगळीकडे उन्हाळ्यातही हवा पाच ते पंधरा अंशांच्या दरम्यान, आणि वाऱ्यामुळे ती त्याहून गार लागते. एक जाड स्वेटर नको. आत थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. आपली माकडटोपी इथे सर्वोत्तम. फोटोत कशी दिसते याची काळजी करू नका, कान झाकलेले माणूस तासभर जास्त उभं राहतं. साडी नेसणाऱ्या आजींनी या दिवसापुरती पँट घालावी. टेंडर, म्हणजे जहाजावरून धक्क्यापर्यंत नेणाऱ्या छोट्या बोटीतून उतरताना आणि त्या वाऱ्यात पदर सांभाळणं धोक्याचं आहे. छत्री नेऊच नका. ढगाळ असलं तरी त्या अक्षांशांवर अतिनील किरणं तीव्र असतात, म्हणून सनस्क्रीन आणि गॉगल हवेच. बंद, घट्ट पकडीचे आणि धुता येतील असे बूट घाला.

खाऊच्या बाबतीत आपण हमखास अडकतो. चिली आणि फॉकलंड दोन्ही ठिकाणी बाहेरचे रोग आणि बिया आत येऊ नयेत म्हणून तपासणी कडक आहे. फळं, भाज्या, मांस, मध, घरची बी-बियाणी, शेंगदाणे-सुकामेवा असलं काही जहाजावरून खाली नेऊ नका. चिलीत फॉर्मवर न सांगता पिशवीत एखादं सफरचंद सापडलं तरी दंड होतो. डिंकाचे लाडू, चिवडा, थालीपीठ खोलीतच राहू द्या. उतरण्यापूर्वी पोटभर न्याहारी करा. लहान मुलांसाठी न फोडलेला बिस्किटाचा पुडा असला तर तो फॉर्मवर लिहा आणि विचारा. वसाहतीत तर काहीच खायचं नाही.

फॉकलंडचा पाउंड ब्रिटिश पाउंडाच्या बरोबरीचा. ब्रिटिश नोटा चालतात, डॉलरही बहुतेक ठिकाणी घेतात. एटीएमच्या भरवशावर राहू नका. सुटे म्हणून मिळालेले फॉकलंडचे पाउंड तिथेच संपवा, दुसरीकडे कुणी घेत नाही. गावाबाहेर मोबाइलला सिग्नल नसतो, तेव्हा भेटायची जागा आणि वेळ तोंडी ठरवा.

उतरण्याचा दिवस

स्टॅन्लीला मोठी जहाजं बाहेर नांगर टाकतात आणि लहान टेंडर बोटींनी धक्क्यापर्यंत नेतात. जहाजाच्या दारातून हलत्या बोटीत पाऊल टाकायचं असतं. खलाशी दोन्ही दंड धरतात; आजोबांना सांगून ठेवा की मधेच थबकायचं नाही, खलाशी ‘आता’ म्हणाला की पाऊल टाकायचं, आणि हातात पिशवी ठेवायची नाही. लाटा मोठ्या असतील तर व्हीलचेअर नेता येईल की नाही हे त्या सकाळीच कळतं. म्हणून ज्यांना व्हीलचेअर लागते त्यांची मुख्य वसाहत स्टॅन्लीला ठेवूच नये. पुएर्तो माद्रिनसारखं धक्क्याला लागणारं बंदर बघावं.

बोट लागण्याची गोळी, ॲव्होमिन किंवा डॉक्टरांनी दिलेली दुसरी, निघण्यापूर्वी, पाकिटावर किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. तिने झोप येते, म्हणून मुलांना घरी एकदा देऊन पाहिलेली बरी. आणि शेवटचं शौचालय जहाजावरचं, असं धरून चाला.

वसाहतीत पाऊल टाकल्यावर

पहिली भेट वासाशी होते. वाळत घातलेल्या सुकटीची सवय असलेला कोकणी माणूस हसेल, बाकीच्यांनी पाच मिनिटं तोंडाने श्वास घ्यावा, नाक स्वतःच हार मानतं.

फॉकलंडमध्ये पक्ष्यापासून सहा मीटर दूर राहण्याचा नियम आहे. नियम तुमच्यासाठी, पक्ष्यासाठी नव्हे. तुम्ही स्थिर उभे राहिलात आणि तो स्वतःहून जवळ आला तर येऊ द्या. हात पुढे करू नका. त्याची चोच धारदार असते. मॅगेलॅनिक मान डावीउजवीकडे वेळावत तुमच्याकडे पाहू लागला तर ते कौतुक नाही, ‘मागे हो’ असं तो सांगतोय. समुद्र आणि वसाहत यांच्यामध्ये रुळलेल्या वाटा असतात, तिथे उभं राहू नका; पोटभर मासळी घेऊन परतलेला पक्षी तुमच्यामुळे अडून राहतो आणि पिल्लू उपाशी ताटकळतं. वाट सोडून चालल्यास पायाखालचं बीळ खचतं, आत पिल्लं असतात.

दक्षिण अमेरिकेत आणि त्या समुद्रातल्या बेटांवर २०२२-२३ पासून बर्ड फ्लू पसरल्याने नियम आणखी कडक झाले आहेत. जमिनीवर बसायचं नाही, पिशवी खाली ठेवायची नाही, मेलेल्या पक्ष्याजवळ जायचं नाही, सांगतील तिथे बूट बुडवून धुवायचे. लहान मुलाला कडेवर घ्यावं लागेल हे गृहीत धरा.

मुलांना नुसतं ‘बघ बघ’ म्हटलं तर दहा मिनिटांत विषय संपतो. त्यांना काम द्या. ज्यांनी मुंबईत राणीच्या बागेतले पेंग्विन पाहिले आहेत त्यांना सांगा, ते हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, मॅगेलॅनिकचे जवळचे भाऊबंद. तिथल्यांच्या छातीवर एक काळा पट्टा आहे, इथल्यांच्या किती आहेत ते मोजा. (दोन.) कुठला पक्षी गाढवासारखा ओरडतो ते शोधा. एकच पक्षी निवडून तो समुद्रापर्यंत पोचतो का ते पाहा. स्कुआ नावाचा तपकिरी पक्षी वरून घिरट्या घालताना दिसेल. तो अंडी आणि पिल्लं पळवतो. ते डोळ्यांदेखत घडू शकतं, म्हणून सकाळी न्याहारीलाच सांगून ठेवा.

फोटोसाठी फ्लॅश नाही, ड्रोन नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. वेळ मिळेल त्यातली पहिली दहा मिनिटं फोटोंना द्या आणि मग फोन आत. माणसं एका जागी शांत उभी राहिली की पक्ष्यांचे व्यवहार पूर्ववत चालू होतात, आणि खरं पाहायचं ते त्यानंतर: शेजाऱ्याच्या घरट्यातला खडा चोरणारा जेंटू, दोन पिल्लांना मागे पळायला लावून मगच घास देणारी आई.

वाऱ्याने अडवलं तर

स्टॅन्लीला जहाज पोचूनही कुणालाच उतरता आलं नाही, असं त्या समुद्रात बरेचदा घडतं. कॅप्टनची घोषणा झाली की हळहळत बसू नका, घरातल्या एकाने लगेच सहलींच्या डेस्ककडे जावं. जहाजाची सहल असेल तर पैसे परत होतात, आणि माग्दालेना किंवा मार्तियोच्या उरलेल्या जागांसाठी रांग पुढच्या काही मिनिटांतच लागते. राखीव वसाहत आधी ठरलेली असली की तिथे उभं राहून घरात मतदान घ्यावं लागत नाही.

तेही बुडालं तर डेक आहे. बीगल कालवा आणि मॅगेलनची सामुद्रधुनी ओलांडताना सकाळी लवकर खालच्या, मोकळ्या डेकवर जा. पाण्यातून उसळ्या मारत जाणारे छोटे काळे ठिपके पेंग्विन असतात, वरच्या मजल्यावरून ते दिसत नाहीत. दुर्बीण न्या, आणि मुलं दोन असतील तर दुर्बिणीही दोन.